स्पायडरमॅन आणि दर महिन्याचा पाहुणा: 'मार्व्हल टीम-अप'च्या १५० अंकांबद्दल बोलूया

कोपऱ्यातला_वाचक

सुपरहिरो एकत्र येतात म्हटलं की आता सगळ्यांना सिनेमेच आठवतात, एका मैदानात पंचवीस-तीस जण, आकाशाला भोक पडलंय आणि जग वाचवायचंय. मला त्याच्या कितीतरी आधीच्या आणि आकाराने खूप छोट्या गोष्टींबद्दल बोलायचंय. 'मार्व्हल टीम-अप'चा पहिला अंक मार्च १९७२ चा, स्पायडरमॅन आणि ह्यूमन टॉर्च, लेखक रॉय थॉमस, चित्रं रॉस अँड्रू यांची. शेवटचा १५० वा अंक फेब्रुवारी १९८५ चा, त्यात पाहुणे एक्स-मेन. मधली तेरा वर्षं ठरलेला प्रकार, स्पायडरमॅन आणि सोबत दुसरा कोणीतरी (मध्येच काही अंकांत स्पायडरमॅनला सुट्टी देऊन टॉर्च नाहीतर हल्क), भेट, बहुतेक वेळा गैरसमजातून आधी एकमेकांशीच मारामारी, मग खरा व्हिलन समोर येतो, दोघं मिळून त्याला धरतात आणि आपापल्या वाटेने जातात.

हा साचा सगळ्यांना पाठ आहे, त्यावर टीकाही खूप झालीये. पण माझं म्हणणं असंय की स्पायडरमॅन म्हणजे पीटर पार्कर माणूस म्हणून कसा आहे ते त्याच्या स्वतःच्या मुख्य मालिकेइतकंच, काही वेळा जास्तच, या अंकांमध्ये कळतं. मुख्य मालिकेत तो स्वतःच्या अडचणींत बुडालेला असतो, भाडं थकलंय, मे काकूची तब्येत, नोकरी, आणि इथे अचानक त्याच्यासमोर एक परका माणूस उभा राहतो ज्याला यातलं काही माहीत नाही, आणि मग पीटर त्याच्याशी कसा वागतो, थॉरसमोर कसा, डॉक्टर स्ट्रेंजसमोर कसा, आपल्यापेक्षा लहान मुलाशी कसा, यातून तो उलगडत जातो.

पहिलाच अंक घ्या. नाताळ आहे आणि व्हिलन आहे सँडमॅन. दोघं मिळून त्याला अडवतात तेव्हा तो म्हणतो मला आईला भेटायचंय, दर वर्षी नाताळला भेटतो. आणि हे दोघं चक्क त्याला भेटू देतात. तो त्या सवलतीचा फायदा घेऊन निसटतो ही गोष्ट वेगळी, पण पोरं चिडण्याऐवजी साधारण जाऊ दे म्हणतात. मालिकेची सुरुवातच मारामारीने नाही, एका सवलतीने झालीये. मला हे फार आवडतं. तुम्हाला कुठले अंक आवडतात आणि का, ते सांगा.

फोर्टचा_फुटपाथ

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद, या विषयावर मराठीत कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आमच्या पिढीला हे अंक क्रमाने कधी मिळालेच नाहीत. फ्लोरा फाउंटनच्या आसपास फुटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग असायचे, त्यात खाली कुठेतरी कॉमिक्स, परदेशातून कोणाकोणाच्या सामानातून आलेली, अर्ध्यांची कव्हरं फाटलेली. त्यात 'अमेझिंग स्पायडरमॅन' मिळाला की हमखास मधलाच भाग मिळायचा, शेवटच्या पानावर पुढच्या महिन्यात बघा, आणि तो पुढचा महिना अमेरिकेत पाच वर्षांपूर्वी होऊन गेलेला, आपल्याला तो अंक मिळणारच नाही. टीम-अप मिळाला की आनंद व्हायचा कारण बहुतेक वेळा गोष्ट त्याच अंकात संपायची. शिवाय एका अंकाच्या पैशात दोन हिरो. लूक केज कोण, आयर्न फिस्ट कोण, टायग्रा कोण, हे मला सगळं टीम-अपनेच शिकवलं, त्यांचे स्वतःचे अंक मी पुढे कैक वर्षांनी पाहिले.

आणि प्रकाशकांचा हेतू तोच होता ना. स्पायडरमॅनच्या नावावर अंक खपतो, मग ज्याचं स्वतःचं नाव अजून खपत नाही त्याला त्याच्या शेजारी उभं करायचं. धंद्याचा हिशेब होता पण त्या हिशेबामुळे वाचकाचं भलं झालं.

तिरपी_रेघ

मी चित्रांच्या बाजूने बोलते. १९७७-७८ मधले अंक ५९ ते ७०, लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न. हीच जोडी त्याच सुमारास 'एक्स-मेन'वर एकत्र काम करायला लागली आणि तिथे त्यांनी जे केलं ते सगळ्यांना माहितीये, पण त्यांचा हात इथेही बसत होता. अंक ६५ मध्ये कॅप्टन ब्रिटन पहिल्यांदा अमेरिकन कॉमिकमध्ये येतो, तोवर तो फक्त ब्रिटनमधल्या साप्ताहिकांत होता. आणि आणतात कसा बघा, ब्रायन ब्रॅडॉक शिकायला न्यूयॉर्कला येतो आणि विद्यापीठाने त्याची सोय पीटरच्याच खोलीत केलेली असते. दोन रूममेट, दोघांचंही गुपित, एका छोट्या खोलीत. पुढच्या अंकात आर्केड नावाचा व्हिलन, मोठ्ठ्या पिनबॉल मशीनमध्ये माणसं अडकवून मारणारा. बर्नने ती पानं अशी मांडलीयेत की नजर स्वतःच बॉलसारखी इकडून तिकडे आपटत जाते.

डीसीकडे, म्हणजे मार्व्हलच्या स्पर्धक प्रकाशकाकडे, जिम अपारो. 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'मध्ये बॅटमॅन दर अंकात कोणाला तरी भेटायचा आणि अपारो वर्षानुवर्षं पेन्सिल, शाई आणि अक्षरलेखन तिन्ही स्वतः करायचा. त्यामुळे त्या पानांना एकाच हाताची लय आहे, संवादाचे फुगेसुद्धा चित्राच्या मापाने बसलेले. १९७६ चा अंक १२४ मिळाला तर नक्की बघा, बॅटमॅन आणि सार्जंट रॉक, आणि त्यात दहशतवादी खुद्द अपारोलाच गाठतात, बंदूक दाखवून म्हणतात की गोष्टीचा शेवट आम्हाला हवा तसा काढ. तो चित्रकार आपल्या ड्रॉइंग बोर्डाशी, आणि त्याने काय काढायचं यावर बॅटमॅनचा जीव अवलंबून! एवढी धाडसी कल्पना सत्तरच्या दशकात एका साध्या मासिक अंकात केलीये.

उलटतपासणी

लेख आवडला, पण मूळ मुद्द्याशी सहमत नाही.

टीम-अपची अडचण हीच की त्यात काही घडतच नाही. शेवटच्या पानावर सगळं जैसे थे. पाहुण्याला त्याच्या मालिकेत परत पाठवायचं असतं आणि स्पायडरमॅनला त्याच्या, मग कोणाला काही इजा होऊ शकत नाही, कोणी बदलू शकत नाही. वाचताना धोका जाणवत नाही. ज्या गोष्टीचा दुसऱ्या दिवशी काही परिणामच नाही ती वाचून ठेवून द्यायची, बस.

आणि 'ब्रेव्ह अँड बोल्ड'चं म्हणाल तर बॉब हेनी या लेखकाने सातत्य नावाची गोष्ट मानलीच नाही. १९६९ च्या अंक ८४ मध्ये त्याने ब्रूस वेनला म्हणजे बॅटमॅनला दुसऱ्या महायुद्धात युरोपमध्ये सार्जंट रॉकबरोबर दाखवलं. १९४४ ला हा मोठा माणूस असेल तर १९६९ ला त्याचं वय काय? शेवटी हेनीच्या कथांसाठी अर्थ-बी नावाची वेगळी पृथ्वीच मानावी लागली. मला ज्या विश्वात गोष्टी साचत जातात, एकमेकांवर उभ्या राहतात, तेच विश्व खरं वाटतं.

कोपऱ्यातला_वाचक

@उलटतपासणी, धोका नसतो हे अनेक अंकांबद्दल मान्य, भरतीचे अंक भरपूर आहेत. पण काहीच घडत नाही हे मात्र पटत नाही, आणि उदाहरणं देऊनच सांगतो.

जीन डिवुल्फ. पोलिस कॅप्टन, १९७६ च्या टीम-अप अंक ४८ मध्ये पहिल्यांदा आली, बिल मँटलो आणि सॅल ब्युसेमा यांनी आणली. बाकी पोलिस स्पायडरमॅनवर बंदुका रोखत असताना ही बाई त्याच्याशी सरळ बोलते. पाहुण्यांच्या गर्दीत येणारं जाणारं पात्र. नऊ वर्षांनी १९८५ मध्ये 'स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन'च्या अंक १०७ मध्ये पीटर डेव्हिडने तिच्या मृत्यूपासून कथा सुरू केली आणि ती कथा आजही स्पायडरमॅनच्या सगळ्यात जड कथांमध्ये धरतात. ती एवढी लागते कारण त्याआधीच्या वर्षांत ती आपल्याला अशीच अधूनमधून भेटत राहिलेली असते.

कर्मा घ्या. डिसेंबर १९८०, अंक १००, क्लेअरमाँटची कथा आणि फ्रँक मिलरची चित्रं. व्हिएतनामहून आलेली मुलगी, दुसऱ्याच्या शरीराचा ताबा घेऊ शकते. दोन वर्षांनी तीच 'न्यू म्यूटंट्स' या गटात.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंद पडलेल्या मालिकांची देणी टीम-अपने फेडली. 'आयर्न फिस्ट' १९७७ मध्ये अंक १५ ला बंद झाली, स्टील सर्पंट या व्हिलनचं प्रकरण अर्धवट लटकलेलं. ते कुठे संपलं? टीम-अपच्या ६३ आणि ६४ मध्ये. जिम स्टार्लिनची ॲडम वॉरलॉकची मालिका बंद पडली तर थॅनोसच्या त्या कथेचा शेवट त्याने १९७७ मध्ये 'अॅव्हेंजर्स'च्या वार्षिकांकात सुरू केला आणि 'मार्व्हल टू-इन-वन'च्या दुसऱ्या वार्षिकांकात, स्पायडरमॅन आणि थिंगच्या अंकात, पूर्ण केला. ज्या वाचकाने पैसे मोजून अर्धी गोष्ट वाचली त्याला उरलेली अर्धी देणारी जागा ही होती. गोष्टी साचाव्यात असं तुम्ही म्हणता ना, मग ज्या मालिका मेल्या त्यांचं काय साचणार होतं ही जागा नसती तर?

तिरपी_रेघ

हेनीबद्दल माझं थोडं वेगळं मत. त्याला वयाचा हिशेब जमत नव्हता असं नाही, त्याला त्या महिन्याची गोष्ट जोरदार हवी होती आणि तो त्यासाठी बाकी सगळं बाजूला सारायचा. अंक ८४ मध्ये नील ॲडम्सची चित्रं आहेत, महायुद्धातला ब्रूस वेन बघताना माझ्या मनात वयाचा प्रश्न आलाच नाही. अंक ८५ मध्ये ॲडम्सने ग्रीन ॲरोला दाढी आणि नवा पोशाख दिला आणि ती दाढी पुढे त्याची ओळखच झाली. म्हणजे ज्या मालिकेत सातत्य नाही म्हणता तिच्यातूनच एक कायमचा बदल आला. आणि मागे गेलं तर जस्टिस लीगसुद्धा १९६० मध्ये याच मालिकेच्या अंक २८ मध्ये पहिल्यांदा आली.

ऑरेंजसिटी

नागपूरचा असल्यामुळे माझं सगळं कॉमिक्स वाचन हिंदीतून, राज कॉमिक्स. आमच्याकडे स्टेशनच्या बुकस्टॉलवर आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत नागराज आणि सुपर कमांडो ध्रुवचाच जोर होता. त्यामुळे तुमचा धागा वाचताना एक फरक जाणवला तो सांगतो.

आमच्यासाठी दोन हिरो एकत्र येणं हे दर महिन्याचं नव्हतं, तो विशेषांक असायचा. जाड अंक, जास्त किंमत, आणि त्याची जाहिरात आधीच्या अंकांच्या मागच्या पानांवर, ती बघूनच आम्ही वाद घालायचो की नागराज जिंकेल की ध्रुव. 'राजनगर की तबाही' हातात आली तेव्हा भाड्याच्या दुकानात नंबर लावावा लागला होता. त्यात अनुपम सिन्हांचं कौतुक करावं तेवढं थोडं, ध्रुव त्यांनीच घडवलेला आणि पुढे नागराजही त्यांच्या हातात आला, त्यामुळे दोघांचा स्वभाव एकाच माणसाला आतून माहीत. नागराजकडे शक्ती अफाट, ध्रुवकडे कुठलीच अलौकिक ताकद नाही, फक्त डोकं आणि कसरत, आणि तरी दोघं बरोबरीचे वाटायचे. ध्रुव फिजिक्स-केमिस्ट्री वापरून नागराजइतकाच उपयोगी पडायचा. हे जमवणं सोपं नाहीये. बॅटमॅन-सुपरमॅनमध्ये तोच प्रश्न असतो आणि तिकडे बऱ्याच लेखकांना तो झेपलेला नाही.

पुढे 'कोहराम'सारख्या अंकात तर सगळेच हिरो एकदम, त्यात आपल्या मुंबईचा डोगापण. तिथे मला @उलटतपासणी यांच्या उलट वाटलं, परिणाम खूप मोठा पण प्रत्येकाच्या वाट्याला पान-दोन पान. डोगा नागराजशी काय बोलेल हे मला ऐकायचं होतं, ते राहूनच गेलं.

इंद्रजालवाली

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा बरीच आधीची. आमच्या घरी टाइम्सवाल्यांची इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून यायची, वेताळ आणि मॅन्ड्रेक. दोघांचे निर्माते एकच, ली फॉक, पण दोघांची दुनिया वेगळी, हा जंगलात कवटीच्या गुहेत आणि तो झनाडूला आपल्या वाड्यात. म्हणून १९७७ साली वेताळ आणि डायनाचं लग्न झालं त्या कथेत मॅन्ड्रेक आणि लोथार पाहुणे म्हणून आले तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. कोणाशी लढाई नाही, संकट नाही, नुसते लग्नाला आले. पण त्यामुळे एकदम कळलं की हे दोघं एकाच जगात राहतात, एकमेकांना ओळखतात, म्हणजे आपल्याला दिसत नाही तेव्हाही यांचं येणंजाणं असणार.

कोपऱ्यातला_वाचक म्हणतोय ते मला यातून पटतं बघ. भेट महत्त्वाची, मारामारी नसली तरी चालते.

कोपऱ्यातला_वाचक

काकू, तुम्ही नेमकं बोललात. मला सगळ्यात आवडणाऱ्या टीम-अपमध्ये मारामारी जवळजवळ नाहीचे.

'मार्व्हल टू-इन-वन' ही थिंगची टीम-अप मालिका, १९७४ ते १९८३, शंभर अंक. एप्रिल १९८२ चा अंक ८६, लेखक टॉम डिफाल्को, चित्रं रॉन विल्सन. पाहुणा कोण, तर सँडमॅन, तोच नाताळवाला. बेन ग्रिमला म्हणजे थिंगला कळतं की सँडमॅन एका बारमध्ये बसलाय, तो त्याला पकडायला जातो, आणि समोर जो दिसतो तो भांडायच्या मनःस्थितीतच नाही. त्याआधी 'अमेझिंग स्पायडरमॅन'मध्ये त्याचं आणि हायड्रो-मॅनचं शरीर एकमेकांत मिसळून चिखलाचा एक मुका राक्षस झाला होता, त्यातून सुटल्यावर तो आतून हललेला आहे. मग दोघं बसतात, बिअर मागवतात, आणि सँडमॅन आपलं आयुष्य सांगतो, लहानपण, चुकीची वळणं, प्रेम, तुरुंग, सगळं. बेन ऐकतो. आणि शेवटी त्याला जाऊ देतो.

हे दुसऱ्या कोणाबरोबर घडलं नसतं. बेन स्वतः दगडाचा झालेला माणूस आहे, लोक आपल्याला राक्षस म्हणून बघतात म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही, आणि समोर वाळूचा झालेला माणूस. या दोघांना एका टेबलाशी बसवायचं सुचणं हेच लेखकाचं काम होतं आणि टीम-अपच्या साच्याने ते शक्य केलं. परिणाम विचारताय तर सँडमॅन त्यानंतर खरंच सुधारला, पुढे काही काळ अॅव्हेंजर्सचा राखीव सदस्यसुद्धा होता.

उलटतपासणी

हा अंक वाचलेला नाही, नक्की वाचेन. पण माझा प्रश्न तसाच राहतो. इतकं चांगलं होतं तर बंद का पडलं?

रात्रपाळी

त्यावर मी लिहितो कारण हा बंद पडण्याचा काळ बघण्यासारखा आहे. 'टू-इन-वन' आणि 'ब्रेव्ह अँड बोल्ड' १९८३ मध्ये, 'मार्व्हल टीम-अप' १९८५ मध्ये, सुपरमॅनची 'डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स' १९८६ मध्ये. चारही मालिका तीन-साडेतीन वर्षांत संपल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा खपत नव्हत्या म्हणून टाकून दिल्या असं नाही, त्यांची जागा लगेच दुसऱ्या मालिकांनी घेतली. थिंगला स्वतःच्या नावाची मालिका मिळाली, बॅटमॅनला 'बॅटमॅन अँड द आउटसायडर्स' म्हणजे कायमचा गट मिळाला, टीम-अपच्या जागी 'वेब ऑफ स्पायडरमॅन' आली.

तोपर्यंत अमेरिकेत खास कॉमिक्सची दुकानं वाढली होती. पूर्वी अंक औषधांच्या दुकानात, पेपरच्या स्टॉलवर मिळायचा, पुढचा महिना मिळेल याची खात्री नाही, तिथे एका अंकात संपणारी गोष्ट हवीच होती (फोर्टच्या फुटपाथवरही हेच लागू होतं, वर लिहिलंय तसं). खास दुकानात येणारा गिऱ्हाईक दर महिन्याला यायचा, त्याला सलग लांब कथा हव्या होत्या. आणि मग मे १९८४ ला 'सीक्रेट वॉर्स' सुरू झालं, बारा अंक, सगळे मोठे हिरो एकदम, तुफान खपलं. डीसीचं 'क्रायसिस' १९८५ मध्ये. एकदा बारा अंकांत सगळेच भेटायला लागले की महिन्याला दोघांची भेट कोणाला विशेष वाटणार?

मला याचं खरंच वाईट वाटतं. त्या मोठ्या कथांमध्ये पन्नास जण असतात पण दोघांना बोलायला वेळ नसतो, ऑरेंजसिटी म्हणाला तेच.

नवीन_पान

सगळं वाचतेय, मस्त चाललंय. मी सिनेमे आणि कार्टून बघून आलेली, जुने अंक एकही वाचलेला नाही. स्पायडरमॅन इंडियाचा पवित्र प्रभाकर तेवढा वाचलाय, मुंबईतला म्हणून. आता डिजिटल मिळतं बरंच काही. कुठून सुरू करू? क्रमाने १ पासून वाचायचं का?

फोर्टचा_फुटपाथ

१ पासून सलग वाचू नकोस, कंटाळशील. क्लेअरमाँट-बर्नचे ५९ ते ७० आधी वाच. मग अंक ७४, १९७८ चा, त्यात स्पायडरमॅन 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमाच्या सेटवर जातो आणि तिथे सिल्व्हर सामुराईशी जॉन बेलुशी तलवार घेऊन भिडतो. ऐकायला विचित्र वाटेल पण अंक मनापासून केलेला आहे, त्या काळचं न्यूयॉर्क त्यात जिवंत आहे. मग १००.

तिरपी_रेघ

डीसीचे दोन सांगते. 'ब्रेव्ह अँड बोल्ड' अंक १९७, ॲलन ब्रेनर्टची कथा, दुसऱ्या पृथ्वीवरचा वय झालेला ब्रूस वेन स्वतःची आठवण लिहितोय, की सेलिना काइल म्हणजे कॅटवुमनशी त्याचं कसं जुळलं. आयुष्यभर एकटं राहायची सवय लागलेला माणूस भीती बाजूला ठेवून दुसऱ्यावर विश्वास कसा टाकतो याची ती गोष्ट आहे. बॅटमॅनची याहून सुंदर प्रेमकथा मी वाचलेली नाही.

दुसरा, 'डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स' अंक ८५, सप्टेंबर १९८५, ॲलन मूरची कथा आणि रिक व्हीचची चित्रं, सुपरमॅन आणि स्वॅम्प थिंग. क्रिप्टॉनवरच्या एका बुरशीची लागण होऊन सुपरमॅन मरायला टेकलेला आहे, शक्ती जातायत, भास होतायत, तो कोणाला न सांगता गाडी काढून एकटाच दक्षिणेकडे निघतो कारण मरायचंच असेल तर कोणाला इजा न होता मरावं. तिथे दलदलीजवळ स्वॅम्प थिंग त्याला सापडतो, त्याच्या भासात शिरतो आणि त्याला वाचवतो. आणि सुपरमॅन बरा होऊन निघून जातो तेव्हा त्याला माहीतच नसतं की कोणी मदत केली. टीम-अपचा अंक, आणि दोघांपैकी एकाला टीम-अप झाला हे कळतच नाही!

उलटतपासणी

हा ८५ वाचलाय मी, मूर म्हणून वाचला होता, टीम-अप मालिकेतला आहे हे लक्षात ठेवून नाही. याला मात्र कुठेही धोका कमी वाटला नाही. परिणामाबद्दल माझं मत तेच आहे पण हा अंक त्या मताच्या बाहेर राहतो.

नवीन_पान

मग मी सँडमॅनवाल्या ८६ पासून सुरू करते.

कोपऱ्यातला_वाचक

कर, पण त्याआधी 'अमेझिंग स्पायडरमॅन'चे १९८१ मधले २१७ आणि २१८ वाचून घे, चिखलाच्या राक्षसाचं प्रकरण त्यात आहे, म्हणजे तो बारमध्ये एवढा गळून का बसलाय ते आधीच कळेल. आणि जमलं तर टीम-अपचा पहिला अंकपण, नाताळवाला. वाचून झालं की इथेच लिही, ८६ मध्ये बेनने त्याला सोडलं ते बरोबर केलं का यावर मला तुझं मत ऐकायचंय.